आयडी परत १ पासून सुरू करू का?

यावेळी डेटाबेसवरची पत्रं भरपूर आलीत आणि त्यातली बरीचशी एकाच दुखण्याची, म्हणून म्हटलं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकू. दुखणं म्हणजे आपोआप वाढणारा आयडी, टेबलात नवीन नोंद, म्हणजे रो, आली की डेटाबेस स्वतःच तिला देतो तो नंबर. डेटाबेसगणिक नाव वेगळं, काम एकच. पोस्टग्रेसवाल्यांचा सीक्वेन्स, मायएसक्यूएलवाल्यांचा ऑटो इन्क्रिमेंट, एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची आयडेंटिटी. कुणाचा अडकलाय, कुणाचा उडी मारून पुढे पळालाय, आणि बऱ्याच जणांना तो उगाचच मागे आणायचाय. कमांड इथे देवनागरीत छापल्यात, मशिनवर त्या रोमनमध्येच टाइप करायच्या. आणि लाइव्ह डेटाबेसला हात लावायच्या आधी बॅकअप घ्या, हे एकदाच सांगते, प्रत्येक उत्तरात परत नाही सांगणार.

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर नुकतंच बदललं, नवीन पोस्टग्रेसवर आहे. जुन्या सभासदांची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी फाइल) करून आयडीसकट आत घातली, ४८१२ नंबरपर्यंतचे सभासद नीट दिसतायत. पण नवीन सभासद नोंदवायला गेलं की डुप्लिकेट की व्हायलेट्स युनिक कन्स्ट्रेंट असा एरर येतो. गंमत म्हणजे एररमधला आयडी दर वेळी एकने वाढतो, आधी १ म्हणाला, मग २, मग ३. काउंटरवरचा मुलगा चिडून सेव्ह सेव्ह दाबत बसला तर २३ नंबरला एक सभासद चक्क जमा झाला आणि त्यानंतर परत एरर सुरू. हा काय प्रकार आहे? (कोथरूडहून एक ग्रंथपाल)

उत्तर: एररमधला आकडा वाढतोय हे तुम्ही टिपलंत ना, अर्धं निदान तिथेच झालं. पोस्टग्रेसमध्ये टेबल वेगळं आणि नंबर देणारा सीक्वेन्स वेगळा, दोघांचा संबंध फक्त आयडी कॉलमच्या डिफॉल्टपुरता. इन्सर्ट करताना आयडी दिला नाही तर डिफॉल्ट चालतो, तो सीक्वेन्सकडे नेक्स्टव्हॅल मागतो, सीक्वेन्स पुढचा आकडा देतो, संपलं. तुम्ही सीएसव्हीतून आयडी स्वतःच दिलेत, त्यामुळे डिफॉल्टला कुणी विचारलंच नाही आणि सीक्वेन्स बापडा १ वरच बसून राहिला, आत एवढी माणसं येऊन बसलीत याचा त्याला पत्ताच नाही. आता नवीन सभासद आला की तो १ देतो, १ आधीच आहे, एकच नंबर दोघांना चालत नाही, एरर. पण इन्सर्ट फसला म्हणून दिलेला नंबर परत घेतला जात नाही, मग पुढच्या वेळी २, मग ३, तुम्ही बघितलंत तसंच.

मग २३ ला जागा कशी मिळाली? जुन्या यादीतला २३ नंबरचा सभासद कधीतरी काढून टाकलेला असणार, तिथे भोक होतं, नवा माणूस त्यात जाऊन बसला. आणि मला काळजी वाटते ती याचीच, एररची नाही. देवघेवीच्या जुन्या नोंदी पण तुम्ही आणल्या असतील आणि त्या टेबलला फॉरेन की (तो आयडी दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना हे तपासणारं बंधन) नसेल, जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या डेटाला बहुतेक वेळा नसतेच, तर त्या जुन्या २३ नंबरवाल्याची न परत केलेली पुस्तकं, दंड, थकलेली वर्गणी सगळं या बिचाऱ्या नव्या माणसाच्या नावावर दिसायला लागेल. म्हणजे पहिल्याच भेटीत तुम्ही त्याच्याकडे कुणाचातरी दंड मागणार. तेव्हा आधी त्याचं खातं उघडून बघा, सीक्वेन्स दुरुस्त झाला की त्याला नवीन नंबरने नोंदवा आणि २३ मोकळा सोडा. आणि त्या मुलाला सांगा, सेव्ह सेव्ह दाबणं बंद.

दुरुस्ती एका ओळीची आहे:

सिलेक्ट सेटव्हॅल(पीजी_गेट_सीरियल_सीक्वेन्स('सभासद', 'आयडी'), कोअलेस(मॅक्स(आयडी), ०) + १, फॉल्स) फ्रॉम सभासद;

पीजी_गेट_सीरियल_सीक्वेन्स हे त्या कॉलमच्या सीक्वेन्सचं नाव शोधून देतं. नाव सहसा टेबल, कॉलम आणि शेवटी सेक असं असतं पण कुणी टेबलचं नाव नंतर बदललं असेल तर सीक्वेन्सचं जुनंच राहतं, त्यामुळे अंदाजाने टाइप करू नका. शेवटच्या फॉल्सचा अर्थ असा की हा आकडा अजून दिलेला नाही, पुढच्याला हाच द्या. तो फॉल्स लिहिला नाही तर ट्रू धरलं जातं, मग सेटव्हॅलला ४८१२ दिलं तर पुढचा ४८१३ येतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, घोळ होतो तो दोन्हीची मिसळ केली की, पण तेव्हाही फार तर एक नंबर वाया जातो किंवा एकदा एरर येतो, आभाळ कोसळत नाही.

कोअलेस कशाला असं कुणी विचारेल. टेबल रिकामं असेल तर मॅक्स, म्हणजे सगळ्यात मोठा आयडी शोधणारा, नल देतो, नल म्हणजे काहीच नाही, आणि सेटव्हॅलला नल दिला तर तो काहीच न करता गप्प बसतो, एरर पण देत नाही, तुम्हाला वाटतं झालं. आणि नुसतं ० द्याल तर सीक्वेन्सची किमान किंमत १ असल्यामुळे तो आउट ऑफ बाउंड्स म्हणून ओरडतो. म्हणून नलच्या जागी ० घेणारा कोअलेस, आणि सोबत अधिक १ आणि फॉल्स ही जोडी, रिकाम्या टेबलालाही चालते आणि भरलेल्यालाही.

अजून एक. मॅक्स काढला आणि सेटव्हॅल केला या मधल्या क्षणात दुसऱ्या कुणी नोंद घातली तर आकडा परत मागे पडू शकतो. दुपारी वाचनालय बंद असतं तेव्हा करा म्हणजे प्रश्नच नाही. नाहीतर बिगिन करून लॉक टेबल सभासद इन एक्स्क्लुझिव्ह मोड, मग वरची ओळ, मग कमिट. वाचणाऱ्यांना त्याने अडथळा येत नाही, फक्त लिहिणारे थांबतात. मात्र सेटव्हॅल रोलबॅकला, म्हणजे केलेलं काम मागे फिरवण्याला, जुमानत नाही, एकदा मारला की लागला, कमिट (काम पक्कं) होवो न होवो.

सभासदांचं झालं म्हणजे काम संपलं असं नाही हां. पुस्तकं, देवघेव, वर्गणी, जे जे टेबल आयडीसकट भरलंत त्या प्रत्येकाचं हेच दुखणं असणार, फक्त त्या टेबलात अजून कुणी नवीन नोंद केली नाही म्हणून कळलेलं नाही. पोस्टग्रेस १० पासून पीजी_सीक्वेन्सेस नावाचा व्ह्यू आहे, त्यात प्रत्येक सीक्वेन्स कुठपर्यंत आलाय ते दिसतं, एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला मॅक्स ठेवून जुळवून बघा. सॉफ्टवेअर जँगोमध्ये (पायथनमधला वेब फ्रेमवर्क) बनवलेलं असेल तर मॅनेज डॉट पाय ला एसक्यूएलसीक्वेन्सरीसेट अशी कमांड आहे, तिला अ‍ॅपचं नाव दिलं की ती त्या अ‍ॅपच्या टेबलांच्या सेटव्हॅलच्या ओळी तयार करून देते, पण नुसत्या छापून देते, चालवायच्या आपणच, हे न कळल्याने कमांड दिली पण फरक पडला नाही अशी पत्रं मला येतात.

आणि पुढच्या वेळी सीएसव्हीऐवजी पीजी_डम्पने (पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन) आणता आलं तर बघा, त्यात सेटव्हॅलच्या ओळी आपोआप येतात.

प्रश्न: ताई, मी सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे. मायएसक्यूएलमध्ये प्रॅक्टिकलला १० रो टाकल्या, शेवटच्या ३ डिलीट केल्या, सर्व्हर रीस्टार्ट केला आणि नवीन रो टाकली तर तिला आयडी ८ आला. माझ्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तेच केलं तर ११ आला. आमच्या सरांनी सांगितलंय की ऑटो इन्क्रिमेंट नंबर कधीच परत वापरत नाही. मग कोण चुकलं? (शिवाजीनगर)

उत्तर: कुणीच नाही, तुझं मायएसक्यूएल ५.७ किंवा त्याआधीचं असणार आणि मैत्रिणीचं ८. जुन्या इनोडीबीत (मायएसक्यूएलचा टेबलं साठवणारा भाग) तो काउंटर फक्त मेमरीत असायचा, सर्व्हर बंद झाला की गेला, चालू झाला की टेबलातला सगळ्यात मोठा आयडी बघून त्यात एक मिळवून परत सुरू, म्हणून तुला ८. हा बग म्हणून २००३ मध्येच नोंदवला गेला होता, नंबर १९९, एवढा जुना की नंबर तीन आकडी आहे बघ, आणि सुटला तो २०१८ मध्ये आलेल्या ८.० ला. तिथून पुढे काउंटर डिस्कवर लिहून ठेवतात. सर म्हणतात तसंच व्हायला पाहिजे हे खरं, पण पंधरा वर्षं तसं होत नव्हतं. व्हायवाला दोन्ही सांग, फक्त सर चुकले असं म्हणू नकोस.

आणि करून बघायचं असेल तर एवढं कर. त्याच टेबलात आयडी १०० हाताने देऊन एक रो टाक, मग पुढची आयडी न देता टाक. १०१ येईल. वरच्या ग्रंथपालबाईंना जो त्रास झाला तो मायएसक्यूएलमध्ये झालाच नसता, इथे हाताने दिलेला मोठा आकडा बघून काउंटर स्वतःच पुढे सरकतो. आणि ऑल्टर टेबल करून ऑटो इन्क्रिमेंट ५ वर आणायचा प्रयत्न केलास तरी टेबलात १०१ आहे तोवर तो ऐकणार नाही, मुकाट्याने १०२ वर जाऊन बसेल.

प्रश्न: लक्ष्मी रोडला आमचं कापडाचं दुकान आहे. बिलिंगचा प्रोग्रॅम भाच्याने बनवून दिलाय, बिलाच्या टेबलचा आयडी हाच बिल नंबर छापतो. दोन अडचणी. मधेच नंबर गळतो, १०४१ नंतर एकदम १०४३, सीए विचारतात १०४२ कुठंय. आणि १ एप्रिलला बिलं परत १ पासून सुरू करायचीत, भाचा म्हणतो सीक्वेन्स रीसेट करू, दोन मिनिटांचं काम आहे. करू का?

उत्तर: नका करू, भाच्याला थांबवा. पोरगं हुशार आहे यात शंका नाही पण आयडी आणि बिल नंबर एकच ठेवला तिथे गणित फिसकटलं.

आधी रीसेटचं बोलू. सीक्वेन्स १ वर आणला की १ एप्रिलला पहिलं बिल १ नंबरचं बनायला जाणार, टेबलात मागच्या वर्षीचं १ आहेच, डुप्लिकेट की, ऐन सकाळी गिऱ्हाईक समोर उभं आणि बिल निघत नाही. मग भाचा म्हणेल जुनी बिलं काढून टाकू. ते तर अजिबात नाही, जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात. मग म्हणेल जुनी बिलं दुसऱ्या टेबलात हलवू, मग परतावा आणि उधारीच्या नोंदी कुठल्या १ नंबरकडे बोट दाखवतायत हे शोधत बसा.

आता गळणाऱ्या नंबरचं. सीक्वेन्स हा छापखान्यातल्या नंबरिंग मशिनसारखा असतो, पावतीवर ठसा उठला की चाक पुढे सरकलं, मग ती पावती फाटली, तिरकी छापली, कुणी चहा सांडला, चाक मागे येत नाही. तुमचं १०४२ असंच गेलं असणार, बिल करायला घेतलं, नंबर मिळाला, मग स्टॉक कमी म्हणून किंवा दुसऱ्याच कशाने ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पूर्ण व्हायचं किंवा एकत्र फसायचं असं सगळं काम, रोलबॅक झालं. आणि हे मुद्दाम तसं केलेलं आहे. नंबर परत घ्यायचा म्हटलं तर पहिल्याचं काम पूर्ण होतंय की फसतंय हे कळेपर्यंत दुसऱ्याला नंबरच देता येणार नाही, सगळी रांग खोळंबणार. म्हणून डेटाबेस सांगतो, मी नंबर वेगळा देईन, वाढता देईन, सलग देईन असं वचन नाही. हे पोस्टग्रेसपुरतं नाही, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, सगळीकडे हेच.

आणि तुम्हाला तर सलग हवाय. सीजीएसटीच्या नियम ४६ मध्ये टॅक्स इन्व्हॉइसचा नंबर सलग, १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा असं म्हटलंय. एक किंवा जास्त मालिका चालतात, अक्षरं, आकडे, डॅश आणि तिरकी रेघ चालते. तर हा नंबर सीक्वेन्सकडून घ्यायचाच नाही. भाच्याला सांगा एक छोटं वेगळं टेबल कर, त्यात तीन कॉलम, मालिका, वर्ष आणि शेवटचा नंबर. बिल सेव्ह होताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये

अपडेट बिल_क्रम सेट शेवटचा = शेवटचा + १ व्हेअर मालिका = 'क' अँड वर्ष = '२६-२७' रिटर्निंग शेवटचा;

असं करून आलेला आकडा बिलावर घालायचा. ट्रान्झॅक्शन फसलं तर हे अपडेट पण मागे फिरतं, नंबर गळत नाही. बिलाच्या टेबलात मालिका, वर्ष आणि नंबर या तिघांवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावायचा, तो विसरायचा नाही. आणि १ एप्रिलला रीसेट वगैरे काही नाही, नव्या वर्षाची एक रो, शेवटचा ०, झालं. ती रो मार्चमध्येच घालून ठेवली तरी चालते. आयडी आपला मागे जिथे पळायचा तिथे पळू दे, तो गिऱ्हाइकाला दाखवायचाच कशाला.

याची किंमत आहे ती पण सांगते. त्या रोवर लॉक लागतो आणि कमिटपर्यंत राहतो, म्हणजे दोन काउंटरवर एकाच वेळी सेव्ह दाबलं तर दुसरा पहिल्यासाठी थांबतो. दुकानात हे पापणी लवायच्या आत होतं, पण भाच्याने नंबर आधी घेऊन मग यूपीआयचं पेमेंट येईपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलं तर दिवाळीच्या गर्दीत सगळी काउंटर बंद पडल्यासारखी वाटतील. नंबर अगदी शेवटी घ्यायचा. नाहीतर प्रत्येक काउंटरला आपली मालिका द्या, नियमात ते बसतं.

भाचा कदाचित म्हणेल की एवढं कशाला, मॅक्स अधिक १ करतो. दोन काउंटरनी एकाच क्षणी मॅक्स विचारला तर दोघांना तोच आकडा मिळतो, युनिक असेल तर एकाला एरर, नसेल तर एका नंबरची दोन बिलं, ते १०४२ गळण्यापेक्षा वाईट. आणि झालेलं बिल रद्द करायचं असेल तर रो डिलीट नाही करायची, रद्द असा शिक्का मारून ठेवायची, जीएसटीआर-१ च्या १३ नंबरच्या तक्त्यात पहिला नंबर, शेवटचा नंबर आणि रद्द किती हे विचारतातच. १०४२ चं उत्तर सीएंना खरं तेच द्या, हा नंबर निघालाच नव्हता म्हणून, आणि लेखी टिपण फायलीत ठेवा.

ऑनलाइन ऑर्डर घेत असाल तर अजून एक किडा. भाड्याचे सर्व्हर बहुतेक यूटीसी वेळेवर असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या मते ३१ मार्चच असतो. वर्ष ठरवताना भारतीय वेळेची तारीख घ्या, नाहीतर रात्री बारानंतरच्या ऑर्डरी मागच्या वर्षात जाऊन बसतील.

प्रश्न: भोसरीच्या कारखान्यात एसक्यूएल सर्व्हरवर चलनांचा आयडी नव्वदीत होता, गुरुवारी लाइट गेली, यूपीएस पण झोपला, परत चालू केल्यावर एकदम हजाराच्या पुढे. मधले नऊशे कुठे गेले? डेटा गेला का?

उत्तर: डेटा नाही गेला, निश्चिंत राहा. २०१२ पासून एसक्यूएल सर्व्हर आयडेंटिटीचे नंबर आधीच मेमरीत उचलून ठेवतो, इंट (साधा पूर्णांक) कॉलम असेल तर हजार, बिगइंट (खूप मोठे आकडे मावणारा) असेल तर दहा हजार, आणि नीट शटडाउन न होता बंद पडला की न वापरलेले सोडून देतो. नको असेल तर २०१७ पासून डेटाबेसच्या स्कोप्ड कॉन्फिगरेशनमध्ये आयडेंटिटी_कॅश ऑफ करता येतं. पण मी म्हणेन यूपीएसची बॅटरी बदला आधी. आणि चलन नंबर म्हणून हाच आयडी छापत असाल तर वरचं लक्ष्मी रोडचं उत्तर वाचा, तेच लागू.

प्रश्न: मी हिंजवडीत टेस्टिंगला आहे. दर रनच्या आधी सगळी टेबलं डिलीटने रिकामी करतो पण आयडी पुढेच चालत राहतो आणि आमच्या टेस्ट आयडी १ गृहीत धरतात त्यामुळे फेल होतात. काल पोस्टग्रेस, आज मायएसक्यूएल, एका क्लायंटचं एसक्यूएल सर्व्हर, प्रत्येकाचं वेगळं. एकदा सगळं सांगाल का?

उत्तर: सांगते. ही एकच जागा आहे जिथे आकडा मागे आणायला माझी हरकत नाही, टेस्टचा डेटा कुणाच्या बापाचा नसतो.

पोस्टग्रेसमध्ये डिलीट सोडा, ट्रंकेट टेबल अमुक रीस्टार्ट आयडेंटिटी, ट्रंकेट म्हणजे टेबल एका झटक्यात रिकामं. शेवटचे दोन शब्द लिहिले नाहीत तर आकडा तसाच पुढे चालतो, डिफॉल्ट तोच आहे. दुसऱ्या टेबलांच्या फॉरेन की याच्याकडे येत असतील तर एकटं टेबल ट्रंकेट होत नाही, सगळ्यांची नावं एका ट्रंकेटमध्ये द्या. कॅस्केड पण लिहिता येतं पण तो कुठपर्यंत जाऊन काय काय पुसेल हे माहीत असल्याशिवाय नको. मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट केलं की काउंटर आपोआप १ वर येतो, पण फॉरेन कीने जोडलेलं टेबल ट्रंकेट करू देत नाही, मग डिलीट करून ऑल्टर टेबल अमुक ऑटो_इन्क्रिमेंट = १.

एसक्यूएल सर्व्हर थोडा चमत्कारिक आहे. तिथेही फॉरेन कीवालं टेबल ट्रंकेट होत नाही, मग लोक डिलीट करून डीबीसीसी चेकआयडेंट, रीसीड, ० असं मारतात, आणि पहिला आयडी १ येतो, छान. पण तेच टेबल आत्ताच बनवलेलं असेल आणि त्यात एकही रो कधी पडलेली नसेल तर तीच कमांड मारल्यावर पहिला आयडी ० येतो. म्हणजे तीच स्क्रिप्ट जुन्या मशिनवर पास आणि नव्या मशिनवर फेल, आणि तुम्ही दोन दिवस डेव्हलपरशी भांडताय. स्क्रिप्टमध्ये आधी टेबल वापरलेलं आहे का हे तपासा किंवा नवीन टेबलाला रीसीड मारूच नका.

आणि एसक्यूलाइट कुठे लागला तर तिथे ऑटोइन्क्रिमेंट हा शब्द लिहिला असेल तरच एसक्यूलाइट_सीक्वेन्स नावाच्या टेबलात नोंद असते, त्या टेबलची रो काढली की झालं. शब्द लिहिला नसेल तर रिकाम्या टेबलात तो आपोआपच १ पासून सुरू होतो.

एवढं सगळं सांगून झाल्यावर, टेस्ट आयडी १ गृहीत धरतात हे मुळात बदला की. रो टाकली की मिळालेला आयडी परत घ्या, पोस्टग्रेसमध्ये रिटर्निंग आहे, मायएसक्यूएलमध्ये लास्ट_इन्सर्ट_आयडी, एसक्यूएल सर्व्हरमध्ये आउटपुट, आणि पुढे तोच वापरा. मग वरच्या तीन परिच्छेदांची गरजच उरत नाही आणि टेस्ट एकावेळी चार चालवता येतात.

प्रश्न: पोस्टग्रेस एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर लॉजिकल रेप्लिकेशनने (एकावरचे बदल दुसऱ्यावर सतत उतरवत राहणं) हलवलं, रो मोजल्या तर तंतोतंत जुळल्या, नवीन सर्व्हरवर स्विच केलं आणि पहिल्याच इन्सर्टला डुप्लिकेट की. (बाणेर)

उत्तर: सध्या सगळीकडे चालू असलेल्या व्हर्जन्समध्ये लॉजिकल रेप्लिकेशन रो नेतं, सीक्वेन्सचा आकडा नेत नाही. जुन्यावर लिहिणं थांबवलं की नव्यावर प्रत्येक सीक्वेन्सला सेटव्हॅल करायचा आणि मग दार उघडायचं, स्विचच्या चेकलिस्टमध्ये ही ओळ घाला. घाईत असाल तर मॅक्सच्या पुढे हजार-दोन हजार सोडून सेट करा, नंबर वाया गेले तर जाऊ देत.

प्रश्न: आमच्या साहेबांना आयडीमधली भोकं बघवत नाहीत. ग्राहक ६००० आहेत आणि शेवटचा आयडी ९ हजारांच्या वर, रिपोर्टमध्ये घाण दिसतं म्हणतात. सगळे आयडी परत १ पासून ओळीने लावून सीक्वेन्स रीसेट करायचा हुकूम आहे. आणि असेच नंबर वाया जात राहिले तर एक दिवस संपतील अशी त्यांना भीती आहे. काय सांगू? (एक डेव्हलपर, मगरपट्टा)

उत्तर: साहेबांना रिपोर्टमध्ये अनुक्रमांक हवाय, तो द्या की. रो_नंबर वापरून रिपोर्ट काढतानाच १, २, ३ लावा आणि आयडीचा कॉलम रिपोर्टमधून उडवा. साहेब खूश, डेटा जागच्या जागी.

आयडी बदलायचे म्हणजे काय काय बदलावं लागेल ते बघा. फॉरेन कीवाली टेबलं ऑन अपडेट कॅस्केडने बदलतील हे मान्य, पण ग्राहकाला गेलेल्या मेलमधली लिंक, अकाउंट्सने काढून ठेवलेली एक्सेल, लॉग, मोबाईल अ‍ॅपमधली कॅश, दुसऱ्या कंपनीला पाठवलेली यादी, कागदावर लिहिलेला ग्राहक क्रमांक, यातलं काहीही कॅस्केडने बदलत नाही. आणि वाईट हे की एरर येणार नाही. जुना ७१५ उघडला तर दुसराच माणूस दिसेल, नीट, स्वच्छ, त्याच्या पत्त्यासकट. भोक असतं तेव्हा निदान सापडत नाही असं तरी कळतं.

संपायच्या भीतीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका, फक्त ६००० ग्राहकांच्या टेबलासाठी ती नाही. साध्या इंटीजरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २१४ कोटींच्या वर. सेकंदाला एक नंबर अखंड खर्च केला तर ६८ वर्षं पुरतो. पण सेकंदाला शंभर जात असतील तर आठ महिन्यांच्या आसपास संपतो, आणि नंबर खर्च होतो म्हणजे रो जमा होतेच असं नाही. इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (तशी रो आधीच असेल तर सोडून दे) करणारा एखादा जॉब रात्रभर त्याच त्या रो परत टाकत असेल तर एकही रो न वाढता नंबर जळत राहतात, मायएसक्यूएलमध्ये इन्सर्ट इग्नोर आणि रिप्लेस पण तेच करतात. रो ३ लाख आणि आयडी १०० कोटींवर असं टेबल दिसलं तर भोकं मोजू नका, असा जॉब शोधा.

तुमच्या सिस्टीममध्ये इव्हेंट, लॉग, नोटिफिकेशन असली टेबलं असतील तर त्यांचे आकडे आजच बघून घ्या. नवीन टेबल बिगइंटचंच करा, रोमागे चार बाइट जास्त जातात, जाऊ देत, बिगइंट सेकंदाला दहा लाखांनी खर्च केला तरी जवळजवळ तीन लाख वर्षं पुरतो. जुनं बदलायचं असेल तर पोस्टग्रेसमध्ये कॉलमचा टाइप बदलताना अख्खं टेबल परत लिहिलं जातं आणि तोवर कुणाला वाचता पण येत नाही, मोठ्या टेबलाला रात्रीची वेळ मागून घ्या. त्या आयडीकडे बोट दाखवणारे दुसऱ्या टेबलांमधले कॉलम पण बिगइंट करावे लागतात, ते राहतात हमखास. आणि कॉलम सीरियल (सीक्वेन्स आपोआप जोडून देणारा प्रकार) म्हणून बनवलेला असेल तर पोस्टग्रेस १० पासून त्याचा सीक्वेन्स पण इंटीजरचाच बनतो, कॉलम बदलला तरी तो तिथेच अडणार, त्याला वेगळं ऑल्टर सीक्वेन्स अमुक अ‍ॅज बिगइंट द्यावं लागतं.